सांभाळून घेतलेला आवाज

मी रॉक बँड का सोडला, असं मला हिंगोलीत फारसं कुणी विचारत नाही. मुळात हिंगोलीत रॉक बँड होता हेच निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं, आणि उरलेल्या निम्म्याला वाटायचं की आम्ही वरातीत वाजवणारे. तेही अगदीच खोटं नव्हतं. नांदेडला कॉलेजात असताना आम्ही पाच जणांनी सुरुवात केली, तेव्हा आमची स्वतःची गाणी होती. मराठी, तक्रारखोर, मोठ्या आवाजातली. गिटार वाजवणारा आमचा म्होरक्या. त्याच्या वडिलांची हळदीची आडत होती, त्यामुळे गिटार, स्पीकर, गाडी सगळं त्याच्या घरून यायचं आणि शेवटचा शब्दही त्याचाच असायचा. मी गाणारी. पाळकाची मुलगी, चर्चमध्ये बाकावर उभी राहून गायला शिकलेली. चर्चमधल्या लोकांना माझं बँडमध्ये जाणं आवडलं नव्हतं. वडिलांनी मात्र एवढंच म्हटलं होतं की आवाज देवाचा असला तरी घसा तुझा आहे, तो जप.

तो काही मी जपला नाही. चार वर्षं आम्ही आमची गाणी गायलो, मग पोटापाण्याला लागलो, आणि पोटापाण्याला लागलेल्या बँडला लग्नं घ्यावी लागतात. हळदी, साखरपुडे, शोरूमची उद्घाटनं, कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस. बॅनरवर 'रॉक' हा शब्द शेवटपर्यंत राहिला, पण खाली आम्ही तीच आठ गाणी वाजवायचो, सेनगावला वाजवा नाहीतर वसमतला. दिवसा मी शाळेत साठ-साठ पोरांच्या वर्गात ओरडायची आणि संध्याकाळी उघड्या मैदानात, धुळीत, थंडीत गायची. नवरा एसटीत कंडक्टर. आम्ही दोघं घरी आलो की एकमेकांशी खुणांनीच बोलायचो, कारण दोघांचेही घसे दिवसभरात संपलेले असायचे.

मग एका हिवाळ्यात माझा आवाज बसला तो उठेचना. एका लग्नाची सुपारी घेतलेली होती, मोडता येत नव्हती. तेव्हा म्होरक्याने तोडगा काढला. आमच्या धंद्यात दोन तऱ्हेचे ट्रॅक असतात. मायनस म्हणजे नुसतं संगीत, त्यावर गाणाऱ्याने प्रत्यक्ष गायचं. प्लस म्हणजे गाण्यासकट सगळं, गाणाऱ्याने नुसतं तोंड हलवायचं. सात-आठ वर्षांपूर्वीचं माझं रेकॉर्डिंग त्याच्याकडे होतं, तेच त्याने प्लस लावलं. साऊंडवाल्याने माझा माईक बंद केला. मी तोंड हलवलं, हात वर केले, लोक नाचले. उतरल्यावर साऊंडवाला म्हणाला, घाबरू नका ताई, सांभाळून घेतलं. हा कळमनुरीकडचा माणूस, आमच्या बहुतेक कार्यक्रमांना त्याचंच सामान असायचं. मला त्या दिवशी त्याच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

एका दिवसाची सोय तीन वर्षं चालली. आवाज थोडाफार परत आला, पण तोवर सगळ्यांना प्लसची सवय झाली होती आणि मलाही. प्लसमध्ये चूक होत नाही. सर्दी होत नाही. मी माझ्याच जुन्या आवाजामागे तोंड हलवत उभी असायची आणि मनात उद्याच्या डब्याची भाजी ठरवायची. लाज वाटायची का? पहिल्या वर्षी वाटायची. नंतर तेवढं त्राण उरलं नाही. दमलेल्या माणसाला लाजसुद्धा परवडत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग तो पेढा आला. सेनगाव रस्त्यावर एक हळदीचा कार्यक्रम होता. मोठं घर, मोठा मांडव. गाणं ऐन रंगात आलेलं, आणि नवरदेवाची आत्या हळदीने माखलेले हात घेऊन सरळ स्टेजवर चढली. तिने माझ्या दोन्ही गालांना हळद फासली, आणि कलाकाराचं तोंड गोड करायचं म्हणून एक अख्खा पेढा माझ्या तोंडात कोंबला. मी पेढा चावत होते आणि माझं गाणं चालू होतं. उंच सूर, लांब तान, सगळं अगदी स्वच्छ. मला वाटलं, संपलं, आता आपली अब्रू गेली. पण मांडवात कुणालाच काही वाटलं नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आत्या खूश होऊन दुसरा पेढा घेऊन आली. मी तोही खाल्ला.

लोक चिडले असते, दगड मारले असते तर मी कदाचित आजही बँडमध्ये असते. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं आणि त्यांचं काहीच बिघडत नव्हतं, हे मला सोसलं नाही. त्या मांडवात माझं काम फक्त उभं राहायचं होतं.

दोन दिवसांनी मी आडतीवर जाऊन म्होरक्याला सांगितलं की मी थांबतेय. बाहेर हळदीची पोती उतरत होती, हवेत पिवळी धूळ होती आणि मला बोलता बोलता खोकला येत होता. त्याने आधी चहा मागवला. मग लोकांना चालतं तर तुलाच काय झालं, असं विचारलं. मी म्हणाले, मला माझं गायचंय, ख्रिस्ती गाणी, मी लिहिलेली, आणि प्रत्यक्ष गायचीत. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. तो माझा जुना मित्र होता आणि मनापासून बोलला.

"तू एक गाणं लाइव्ह गाऊन दाखव," तो म्हणाला. "एकच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, लोकांसमोर. मग बोल मला."

मी चहा अर्धा ठेवून उठले. घरी येईपर्यंत रागाने माझे कान तापले होते, आणि राग उतरल्यावर जे उरलं ती भीती होती. कारण तो जे म्हणाला ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं. तीन वर्षांत मी एकही गाणं लोकांसमोर शेवटपर्यंत गायलेलं नव्हतं. माझ्या गळ्यात गाणं उरलंय की नुसतं तोंड उरलंय, हे सांगता येईल असं कुणीच नव्हतं.

नांदेडच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि स्वरयंत्रावर बारीक गाठी आहेत, काळजीचं कारण नाही, पण आवाजाला विश्रांती द्या, असं सांगितलं. मी त्यांना शाळेचं सांगितलं. ते म्हणाले, मग जमेल तेवढी द्या. डॉक्टर लोकांचं हे बरं असतं. मी पहाटे उठून वाफ घ्यायची, स्वयंपाकघराचं दार लावून खालच्या सुरात गायची. वडील गेल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत वहीत ओळी लिहिल्या होत्या, त्यांना चाली लावल्या. त्यातल्या एका गाण्याचं धृपद साधं होतं: मूठभर पेरलं मी, ओंजळ भरलीस तू. चाल मात्र मी बँडच्या सवयीने लावली होती, ठेका धरणारी, 'ओंजळ'वर एकदम वर जाणारी. भक्तिगीत म्हणा, पॉप म्हणा. आमच्या पोरांच्या भाषेत 'जिझस पॉप'.

ते गाणं मी नांदेडच्या एका लहान स्टुडिओत रेकॉर्ड केलं. तुकड्या-तुकड्याने गायले, एकेक ओळ पाच-सहा वेळा. शेवटी स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर सूर सरळ केले, खरखर पुसली, आणि मला ऐकवलं. फार गोड झालं होतं. इतकं गोड की मला वाटलं, ही बाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे आणि हिला कधी पोरांवर ओरडावं लागलेलं नाही. त्याने पेनड्राइव्हवर दोन्ही ट्रॅक टाकून दिले, मायनस आणि प्लस. प्लस पुसून टाकायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी पुसला नाही. विसरले असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते, पण खरं असं आहे की मी तो मुद्दाम ठेवला होता. पोहायला निघालेला माणूस कमरेला डबा बांधतो तसा.

जानेवारीत डोंगरकड्याच्या पलीकडच्या एका गावातून पाळकसाहेबांचा फोन आला. वीस-बावीस ख्रिस्ती घरांची त्यांची मंडळी. त्यांच्याकडे हंगामाचा सण होता. शेतातलं जे काही निघालं त्यातलं पहिलं लोक देवापुढे आणून ठेवतात, उपासना होते, गाणी होतात, मग जेवण. गावातले बाकीचे लोकही गाणी ऐकायला येतात, तिथे हा रिवाजच आहे. पाळकसाहेबांनी माझ्या वडिलांना ओळखत असल्याचं सांगितलं आणि तुम्ही या, एक तरी गाणं म्हणा, अशी विनंती केली. मी हो म्हणाले.

नवऱ्याला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी एकटीच निघाले. एसटीने डोंगरकड्यापर्यंत आणि पुढे जीपमध्ये पंधरा माणसांत सोळावी. रस्त्याचं काम चालू होतं. खिडकीला काच नव्हती. गावात उतरले तेव्हा केसांपासून चपलेपर्यंत मी मुरमाच्या रंगाची झाले होते आणि घशात काटे आले होते. आणि समोर चर्चच्या कुंपणाला फ्लेक्स लागला होता. पाळकसाहेबांना कुठून कोण जाणे, माझा बँडमधला फोटो मिळाला होता. चामड्याचं जाकीट, काजळ, वर केलेली मूठ. त्याखाली 'रॉक स्टार आता प्रभूच्या सेवेत', आणि त्याखाली हंगामाच्या सणाच्या शुभेच्छा, बाजूला जोंधळ्याचं कणीस. पदर खोचून धुळीत उभ्या असलेल्या मला त्या फोटोवरून कुणीही ओळखलं नाही. एका बाईने तर मला भाकरी थापायला चुलीकडे नेलं. मी दोन थापल्यासुद्धा.

चर्चपुढच्या मोकळ्या जागेत मांडव होता. पुढे चौथऱ्यावर लोकांनी आणलेलं ठेवलं होतं: तुरीच्या शेंगा, कापसाची गाठोडी, ओली हळद, सोयाबीनचं पोतं, दोन भोपळे, पाय बांधलेली कोंबडी. चौथऱ्याच्या एका बाजूला पाळकसाहेब मांडी घालून पेटी वाजवत होते, त्या मंडळीत पेटीवालेही तेच. दुसऱ्या बाजूला, थोडं दूर, साऊंडचं टेबल, आणि टेबलामागे आमचाच जुना साऊंडवाला. कळमनुरी तालुक्यातलं काम म्हणजे त्याचंच सामान. मला बघून त्याला खरोखर आनंद झाला. त्याने मला पाणी दिलं, खुर्ची दिली, बँड सोडल्याचं ऐकून वाईट वाटल्याचं सांगितलं. मी त्याला पेनड्राइव्ह दिला, मायनस लाव म्हणून सांगितलं, आणि माईक तपासायला दोन ओळी गायले. आवाज फाटला. पुन्हा गायले, पुन्हा फाटला. तो मान हलवून बटणं फिरवत राहिला.

उपासना संपली. पाळकसाहेबांनी माझी ओळख करून दिली तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. शंभर-सव्वाशे माणसं होती. मी चौथऱ्यावर माईकसमोर उभी राहिले. संगीत सुरू झालं, आणि मी तोंड उघडून पहिली ओळ गायले.

मांडवभर आवाज घुमला. स्वच्छ, गोड, दहा वर्षांनी लहान.

मी गात होते, पण जो ऐकू येत होता तो मी गात असलेला आवाज नव्हता. माझा माईक बंद होता. मी साऊंडच्या टेबलाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघून हसला आणि हाताने खूण केली: चालू द्या, मी आहे.

आणि इथे मला जे सांगायचंय ते सांगताना आजही बरं वाटत नाही. मी थांबले नाही. माझा स्वतःचा आवाज मी हळूहळू कमी केला आणि नुसतं तोंड हलवायला लागले. पाठीच्या मणक्यातून काहीतरी सैल झालं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. चार मिनिटांचं गाणं, दीड संपलं, अडीच राहिलं, मग जेवण, मग जीप, मग घर. पुढच्या रांगेतल्या बाया हातातलं काम थांबवून ऐकत होत्या. कुणीतरी मोबाइल वर धरला होता. त्या दिवसाचा जो व्हिडिओ अजून लोकांच्या फोनवर फिरतो तो याच दीड-दोन मिनिटांचा आहे, आणि त्याखाली लोक 'किती गोड आवाज' असं लिहितात. माझं एकटीचं पहिलं गाणं म्हणून जगाला जे माहीत आहे, ते हे.

पहिलं कडवं संपलं आणि मधलं संगीत लागलं. मी पाळकसाहेबांकडे बघितलं. त्यांनी पेटीचा भाता उघडून ठेवला होता, डोळे मिटले होते, आणि साथ करायची म्हणून बोटं पट्ट्यांवर सूर शोधत होती. सूर सापडत होता, पण त्या ट्रॅकमध्ये गिटार, ड्रम, बासरी, सगळं आधीच होतं, त्यांना कुठे जागाच नव्हती. थोडा वेळ त्यांनी प्रयत्न केला, मग भाता बंद केला आणि हात मांडीवर घेऊन बसले. त्याच वेळी माझ्या घशातले काटे वर आले आणि मला खोकल्याची उबळ आली. थांबेचना. मी पदर तोंडाला लावून वाकले, आणि मी वाकलेली असतानाच दुसरं कडवं सुरू झालं. मी खोकत होते आणि मी गात होते. पुढे बसलेली लेकरं खुदकन हसली. सेनगाव रस्त्यावरच्या मांडवातलं गाणं खोटं आहे हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. इथल्या लोकांना माहीत नव्हतं. ते खरं समजून ऐकत होते, आणि मला वाटलं की ही तर चोरीच आहे.

मी साऊंडवाल्याला हाताने बंद कर म्हणून सांगितलं. त्याने मान हलवली आणि पुन्हा तीच खूण केली. त्याला वाटलं मी घाबरलेय. तेव्हा मी चौथऱ्यावरून उतरले, कोंबडीला ओलांडून, बायांच्या रांगेतून वाट काढत त्याच्या टेबलापाशी गेले आणि पेनड्राइव्ह उपटून काढला. गाणं एका शब्दाच्या मध्येच तुटलं.

"ताई, तुमचा घसा बसेल व्हता," तो हळू आवाजात म्हणाला. "म्या सांभाळून घेऊन राहिलो व्हतो."

मला माहीत होतं. त्यानेच तर मला तीन वर्षं सांभाळलं होतं. मी त्याला माईक चालू करायला सांगितलं. त्याने केला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

परत चौथऱ्यापर्यंत पंधरा पावलं असतील. माझं सगळं अंग दुखत होतं. रॉक स्टारला असं वाटत नसावं, मला मात्र शाळेतून सातवा तास संपवून निघाल्यासारखं वाटत होतं. माईकवर मी म्हणाले की आत्ता तुम्ही ऐकलंत ते मशीनमधलं होतं, माझा आवाज आज असा आहे, चालत असेल तर म्हणते. लोकांना मी काय म्हणतेय ते नीट कळलंच नसावं. मागची दोन-तीन माणसं उठून जेवणाच्या बाजूला गेली.

मी पाळकसाहेबांकडे बघितलं आणि कुठल्या पट्टीत घेऊ ते मला समजत नाहीये, असं म्हणाले. रेकॉर्डिंग काळी चारमध्ये होतं, तिथे माझा गळा जाणार नव्हता.

"तुमी म्हना," ते म्हणाले. "जिथं लागंल तिथं लागू द्या. मी येतो मागून."

ट्रॅक कुणाच्या मागून येत नाही. तो पुढे पळतो आणि आपण त्याच्या मागे. बँडमध्येही ड्रमवाला चार मोजायचा आणि आम्ही सगळे त्याच्या मागे सुटायचो. इतक्या वर्षांत मी आधी आणि बाकीचे नंतर, असं कधी झालं नव्हतं, आणि आता होणार म्हटल्यावर माझी जी काही तारांबळ उडाली ती उडाली. मी एकदा सुरू केलं, खूप खाली गेलं, थांबले. पुन्हा सुरू केलं. या वेळी गळ्याने स्वतःहून एक जागा धरली. पेटी क्षणभर गप्प होती, मग ती माझ्या सुराशी येऊन टेकली.

चाल तशी राहिलीच नाही. ठेका गेला. बँडच्या सवयीने लावलेली ती उडी मी 'ओंजळ'वर घ्यायला गेले आणि आवाज चिरकला, चांगला मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. दुसऱ्यांदा मी उडीच घेतली नाही, सरळ पायरीने चढले आणि पायरीने उतरले. श्वास मध्येच संपायचा. मग मी थांबायची, आणि मी थांबले की पेटी थांबायची. तिसऱ्या कडव्याला एका बाजूने कुणीतरी टाळ्यांचा संथ ताल धरला आणि पुन्हा सोडून दिला. मी ते गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायले. चांगलं गायले असं मी म्हणणार नाही. मी शिक्षिका आहे, दुसऱ्या कुणी असं गायलं असतं तर दहापैकी चार दिले असते.

संपल्यावर लोकांनी चर्चच्या रिवाजाप्रमाणे आमेन म्हटलं आणि बाया पत्रावळी वाटायला उठल्या. बस. एवढंच झालं.

साऊंडवाला वायरी गुंडाळत होता. मी पेनड्राइव्ह घेऊन त्याच्यापाशी गेले आणि माफ कर म्हणाले. वायर गुंडाळतच तो म्हणाला, चार गावांतली माणसं इथं आहेत, त्यांना वाटलं याची मशीन बिघडली. पुढल्या वेळी सांगत जा ताई, म्हणजे आमी मधी पडनार न्हाई. त्याचं बरोबर होतं. पेनड्राइव्हवर प्लस ठेवणारी मी होते. मी तसं त्याला सांगितलं, पण त्याने ते ऐकून घेतलं की नाही, मला माहीत नाही.

म्होरक्याला मी फोन केला नाही. करावा असं वाटलं, एवढंच. 'गायले' असं सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, कसं झालं? आणि त्यावर बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी हातपाय धुतले आणि पंगतीच्या कडेला, भिंतीच्या सावलीत उभी राहिले. भूक होती, पण बसायचा कंटाळा आला होता. माणूस इतका दमतो की खाली बसणंसुद्धा एक काम वाटतं.

माझ्या पायाशी, भिंतीला टेकून, एक म्हातारी जेवत होती. गावातलीच, कपाळावर गोंदण, कुंकू. गाणी ऐकायला आलेल्या शेजारच्या घरांपैकी. तिने आधी हात लांबवून माझ्या पदराला चाचपलं, मग मान वर केली, तेव्हा मला दिसलं की तिच्या दोन्ही डोळ्यांत पांढरं आलंय. तिला बहुतेक मी वाढायला उभी असलेली बाई वाटले.

"माय, ती पहिली बाई कोनच्या गावची व्हती वं?" तिने विचारलं. "लई गोड म्हनत व्हती. मदीच काहून उठून गेली?"

मी म्हणाले, ती लांबची होती. गेली.

म्हातारीने मान डोलावली. वांग्याच्या भाजीत तिने भाकरी कुस्करली.

"आन् ती मागून म्हनली ती?" ती म्हणाली. "ती लई थकेल वाटली मला. जेवली का ती?"

त्या दिवशी रडायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि तोवर ते पाळलंही होतं. पण तीन वर्षं मी मांडवामांडवांत उभी होते, आणि माझ्या आवाजातून मी कशी आहे हे एकाही माणसाला ऐकू गेलं नव्हतं. ऐकू जायला तो आवाज आत्ताच्या माझा नव्हताच.

"न्हाई," मी म्हणाले. "जेवायची राहिलीय ती."

म्हातारीने हाताने शेजारची जागा झाडली, आपली पत्रावळ थोडी सरकवली आणि वाढप्याला मोठ्याने हाक मारली, इकडं एक पान आना म्हणून. मी तिच्याजवळ मांडी घालून बसले.